शीलाशिवाय ध्यान : अमेरिकेत वाढणाऱ्या मुलीला धम्म कोठून द्यावा?

वैनगंगा (धागाकर्ती)

सर्वांना सप्रेम जयभीम आणि नमस्कार.

पाश्चात्त्य देशांत आज 'माइंडफुलनेस' या नावाने जे शिकवले जाते, त्यात त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणे) नाही, पंचशील नाही आणि संघही नाही. तरीही त्याला बुद्धाचा मार्ग म्हणता येईल का, आणि येथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना तेवढ्यावरच सोपवावे का, हा माझा प्रश्न आहे.

आम्ही मूळचे भंडारा जिल्ह्यातले. गेली अनेक वर्षे मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टरजवळ राहतो. या शहराचा या विषयाशी थेट संबंध आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये येथल्याच वैद्यकीय महाविद्यालयात, औषधोपचाराने पुरेसा आराम न पडलेल्या जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. आठवड्यातून एक वर्ग आणि घरी रोज पाऊण तासाचा सराव, असे त्याचे स्वरूप आहे. ते स्वतः झेन आणि विपश्यना या दोन्ही परंपरांत बसलेले साधक. पण रुग्णालयात शिकवताना त्यांनी बुद्धाचे नाव जाणीवपूर्वक बाजूला ठेवले. येथून फार दूर नसलेल्या बॅरे गावी, एका जुन्या कॅथलिक मठाच्या इमारतीत, जोसेफ गोल्डस्टीन, शॅरन साल्झबर्ग आणि जॅक कॉर्नफिल्ड यांनी १९७६ मध्ये ध्यानकेंद्र सुरू केले. म्हणजे धम्म आमच्या घरापासून लांब आहे अशी तक्रार मला करता येणार नाही.

माझ्या कंपनीने हाच अभ्यासक्रम आम्हा कर्मचाऱ्यांसाठी ठेवला होता. पहिल्या वर्गात प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला. त्याच्या सुरकुत्या पाहायच्या, तो बोटांत फिरवायचा, कानाशी धरून दाबायचा, हुंगायचा आणि मग जिभेवर ठेवून न चावता थांबायचे. तोंडाला पाणी सुटते, दात आपोआप पुढे सरकतात, आणि 'मला हवे' ही भावना शरीरात कशी उठते हे स्पष्ट दिसते. मला तो वर्ग मनापासून आवडला. त्याच सुमारास आमच्या विभागातली माणसे कमी केली गेली, त्यांचे काम उरलेल्यांच्या माथी आले, आणि ताण वाटल्यास दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यावे असे पत्र सर्वांना आले. बेदाणा पाहायला शिकवणाऱ्यांना हा अन्याय पाहण्याची गरज वाटली नाही. सम्यक आजीविकेविषयी तर कोणी चकार शब्द काढला नाही.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. शाळेत तिला श्वासाचे व्यायाम शिकवतात. आजी भंडाऱ्याहून व्हिडिओ कॉलवर वंदना म्हणते तेव्हा ती मला विचारते की आजी शांत का बसत नाही, सारखी म्हणत का असते. रविवारी तिला नेण्यासारख्या दोन जागा आहेत. एक श्रीलंकन भंतेंचा विहार, जेथे बरेचसे सिंहलीत चालते. दुसरे अमेरिकन लोकांचे ध्यानमंडळ, जेथली भाषा तिला कळते, पण तेथे शील किंवा शरण यांचा उल्लेख क्वचितच होतो. मी काय करावे?

पिंपळपान

वैनगंगाताई, मी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत मानसोपचाराचे काम करते, म्हणून दुसरी बाजू मांडते.

कबाट-झिन यांच्या अभ्यासक्रमावरून सेगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी नैराश्याच्या रुग्णांसाठी एक पद्धत बसवली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या मोठ्या चाचणीत, ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेले होते अशा रुग्णांपैकी, नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्या शंभरातील ६६ जणांना सुमारे वर्षभरात ते पुन्हा आले. अभ्यासक्रम केलेल्यांत हे प्रमाण ३७ होते. २००४ पासून आमच्याकडील अधिकृत उपचार-मार्गदर्शिकेत या पद्धतीची शिफारस आहे. पुन्हा त्या अंधारात जाण्याच्या भीतीने झोप उडालेल्या माणसाला हा फरक किती मोठा आहे, हे मी रोज पाहते.

माझ्या वर्गात मुस्लिम असतात, ख्रिस्ती असतात, कोणताच धर्म न मानणारेही असतात. सरकारी दवाखान्यात उपचाराची किंमत म्हणून त्यांच्याकडे त्रिशरण मागता येणार नाही, आणि मागूही नये. हा उपचार आहे. त्यात धम्म शोधला की निराशा होणारच. तुमच्या कंपनीने उपचाराचा उपयोग आपली जबाबदारी झटकण्यासाठी केला, हे मात्र निषेधार्ह आहे.

निळी_पहाट

पिंपळपान, उपचाराला माझा विरोध नाही. माझा आक्षेप असा आहे की त्या उपचारालाच आता जगभर बुद्धाची शिकवण समजले जाते, आणि आमच्यासारख्यांना सांगितले जाते की तुमच्या वस्तीतला विहार, तुमची वंदना, तुमचा १४ ऑक्टोबरचा धम्मदीक्षेचा दिवस हे राजकारण आहे, खरा बौद्ध धर्म म्हणजे डोळे मिटून बसणे. नागपूरला येऊन गेलेल्या परदेशी पाहुण्यांच्या तोंडून हे मी समोरासमोर ऐकले आहे.

१९५६ साली दीक्षाभूमीवर भदन्त चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना आधी त्रिशरण आणि पंचशील दिले, आणि त्यानंतर बाबासाहेबांनी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांमध्ये चोरी न करणे, खोटे न बोलणे, दारू न पिणे, सर्व माणसे समान मानणे आहे. म्हणजे सुरुवात माणसाने माणसाशी कसे वागावे येथून झाली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हे अगदी उघड मांडले आहे की एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसे परस्परसंबंधात आली की ती गरज निर्माण होते. आता वैनगंगाताईंच्या कंपनीतला वर्ग या कसोटीवर लावून पाहा. तेथे प्रत्येक कर्मचाऱ्याला एकटे करून त्याच्या श्वासापाशी बसवले, आणि मालक व नोकर यांच्यातला संबंध जसा होता तसाच राहिला. त्यात मन शांत होत असेलही. धम्म मात्र तेथे सुरूही झालेला नाही.

सोनकुसुम

निळी_पहाट यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत आहे. वैनगंगाताईंनी तो मुलीला वाचून दाखवावा.

सह्यकडा

येथे सर्वजण 'पाश्चात्त्य ध्यान' म्हणजे कंपनीतला वर्ग असे धरून चालले आहेत, ते मला पटत नाही. मी इगतपुरीला विपश्यना शिबिरात बसलो आहे आणि नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना शेलबर्न फॉल्सच्या धम्म धरा या विपश्यना केंद्रात सेवाही दिली आहे. ते केंद्र १९८२ पासून मॅसॅच्युसेट्समध्येच आहे. तेथेही पहिल्या संध्याकाळी शिबिरार्थी त्रिशरण आणि पंचशील घेतात, पहाटे चारला घंटा होते, दहाव्या दिवसापर्यंत आर्यमौन (एकमेकांशी न बोलणे) असते आणि शुल्क एक पैसाही नसते. आधी शिबिर केलेल्यांनी दिलेल्या दानावरच नव्या माणसाच्या जेवणाखाण्याची सोय होते. शीलाचा पाया नसेल तर समाधी टिकत नाही, हे या शिबिरांचे आचार्य गोयंका गुरुजी यांच्या प्रवचनांत पुन्हापुन्हा येते.

सेवेत माझ्याबरोबर भांडी घासायला एक निवृत्त अमेरिकन न्यायाधीश होते. खरकट्या पातेल्याच्या कडेला लागलेला भात नखाने खरवडून काढताना ते पूर्ण मौनात असत, आणि मोठे पातेले दोघांनी उचलायचे झाले की नुसते माझ्याकडे पाहत. या माणसाला 'पाश्चात्त्य साधक' म्हणून वेगळ्या रांगेत बसवायला माझे मन धजत नाही.

आणखी एक गोष्ट येथे सांगायला हवी. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात सुमारे हजार कैद्यांचे शिबिर झाले. त्याची प्रेरणा पुढे अमेरिकेतही पोहोचली, आणि २००२ मध्ये अलाबामा राज्यातल्या डोनाल्डसन या कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात दहा दिवसांचे शिबिर भरले. जन्मठेपेच्या कैद्याला ध्यानातून पदोन्नती मिळायची नसते. आपण काय केले याकडे पाहणे एवढेच त्याच्या वाट्याला येते. हेही पाश्चात्त्य जीवनातले बुद्धवचनच आहे.

टेम्सकाठ

सह्यकडा यांच्या म्हणण्याला मी इंग्लंडमधून दुजोरा देतो, पण माझा अनुभव ध्यानकेंद्राचा नसून भिक्खुसंघाचा आहे. थायलंडचे अजान चा १९७७ मध्ये लंडनला आले आणि आपले अमेरिकन शिष्य अजान सुमेधो यांना येथे ठेवून परतले. त्यातून आधी ससेक्समध्ये चिथर्स्ट आणि पुढे हर्टफर्डशायरमध्ये अमरावती हे विहार उभे राहिले. तेथले बरेचसे भिक्खू आणि साध्वी युरोपीय वंशाच्या आहेत. ते पैशाला हात लावत नाहीत, अन्नाचा साठा स्वतःजवळ ठेवत नाहीत, आणि मध्यान्हानंतर जेवत नाहीत. हातात दिल्याशिवाय ते अन्न घेत नाहीत. म्हणजे कोणी नेऊन दिले नाही तर त्या दिवशी उपास.

मी अधूनमधून सकाळी तेथील स्वयंपाकघरात मदतीला जातो. एका ओट्यावर थाई बाई गवती चहाची पात ठेचत असते, शेजारी श्रीलंकन कुटुंब डब्यांतून परिप्पू (डाळ) काढत असते, आणि एखादी इंग्रज आजी घरी भाजलेला पाव कापत असते. माझी पत्नी पिठलं-भाकरी नेते. साडेदहाच्या सुमारास सर्व भांडी ओळीने मांडून, दोन माणसांनी दोन बाजूंनी धरून ती भिक्खूंपुढे करायची असतात. ते हातात घेतात त्या क्षणी ते अन्न आपले राहत नाही. दान म्हणजे काय, हे माझ्या मुलांना मला कधी समजावून सांगावे लागले नाही.

वैनगंगाताई, याच कारणासाठी माझे मत श्रीलंकन विहाराच्या बाजूने आहे. भाषा कळत नसली तरी ताट कसे पुढे करायचे हे मुलीला पाहून कळेल.

गणिती

भावनेचा आदर राखून मुलीच्या शाळेविषयी एक मुद्दा मांडतो, कारण तो कोणी घेतला नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. साधारण तुमच्या मुलीच्याच वयाची मुले त्यात होती. शाळेत नेहमी दिल्या जाणाऱ्या भावनिक शिक्षणापेक्षा माइंडफुलनेसच्या तासांचा अधिक फायदा दिसला नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नाही. प्रौढांत पिंपळपान म्हणतात तसे पुरावे आहेत. मुलांना वर्गात सरसकट शिकवण्याबाबत ते तितके भक्कम नाहीत.

दुसरे असे की दीर्घ, मौनी शिबिरे सर्वांनाच मानवतात असे नाही. ब्राउन विद्यापीठात विलोबी ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र भीती, झोप उडणे, स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे अशा अनुभवांची साधकांच्या मुलाखती घेऊन पद्धतशीर नोंद केली आहे. सह्यकडा यांच्या श्रद्धेवर मला टीका करायची नाही, पण ज्याला मानसिक आजाराचा इतिहास आहे त्याने थेट दहा दिवसांना बसू नये.

सह्यकडा

गणिती, यात वादाचे कारण नाही. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी याचसाठी विचारतात, आणि ती माहिती लपवून कोणी बसू नये हे मीही सांगतो. मुलांसाठी दहा दिवसांचे शिबिर नसतेच. त्यांच्यासाठी आनापानाचे (श्वासाकडे लक्ष देण्याचे) छोटे वर्ग असतात, आणि तेही शीलापासूनच सुरू होतात.

पिंपळपान

गणिती यांनी दिलेली माहिती बरोबर आहे. त्या अभ्यासात ज्या मुलांना आधीपासून मानसिक त्रासाचा धोका होता, त्यांच्यात काही मोजमापांवर थोडा तोटाही दिसला. माझ्या पहिल्या प्रतिसादाचा कोणी असा अर्थ काढू नये की हे सर्वांना, सर्व वयांत, सक्तीने द्यावे.

प्रशांतकिनारा

मी सॅन होजेला राहते. येथील चर्चेत एक मोठा समूह पूर्णपणे सुटला आहे, आणि माझ्या मते वैनगंगाताईंच्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच समूहाकडे आहे.

अमेरिकेतील बौद्धांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक आशियाई वंशाचे आहेत, असा अंदाज प्यू संशोधन केंद्राने २०१२ मध्ये दिला होता. जपानी स्थलांतरितांसाठी जोदो शिन्शू पंथाचे धर्मोपदेशक १८९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आले. १९४२ मध्ये युद्धाचे निमित्त करून सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांतील बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते, छावण्यांत डांबले गेले. बौद्ध धर्मगुरूंना तर आधीच संशयित ठरवून उचलले होते. तरीही छावणीतल्या बराकींत लोकांनी लाकडाच्या तुकड्यांतून वेदी कोरल्या आणि प्रार्थना चालू ठेवल्या. त्यांची संघटना आज ज्या नावाने ओळखली जाते ते 'बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका' हे नाव १९४४ मध्ये युटातील टोपाझ छावणीत घेतले गेले. देशाने शत्रू ठरवलेले लोक काटेरी तारेच्या आत बसून आपल्या संस्थेच्या नावात 'अमेरिका' हा शब्द घालतात, हे वाचले तेव्हा मला दीक्षाभूमीची आठवण झाली.

या मंदिरांत आज रविवारी मुलांची धर्मशाळा भरते, बाके असतात, उन्हाळ्यात ओबोनला पूर्वजांच्या स्मरणार्थ रस्त्यावर गोलाकार नाच होतो. आणि तेथे मौन ध्यान हा मुख्य साधनामार्ग नाही. मुख्य आहे ते नामोच्चारण, 'नमु अमिदा बुत्सु', म्हणजे अमिताभ बुद्धाला नमन. श्रीलंकेत घराघरांत परित्राणपाठ (रक्षणासाठी बुद्धवचने म्हणणे) होतो, व्हिएतनामी कुटुंबे सूत्रे म्हणतात, आणि भंडाऱ्याची आजी वंदना म्हणते. बौद्ध जगातले बहुसंख्य उपासक म्हणतात. ते गप्प बसून राहत नाहीत. ध्यान हे प्रामुख्याने भिक्खूंचे काम मानले जाई. सामान्य उपासकांना विपश्यना शिकवण्याची मोठी चळवळ ब्रह्मदेशात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उभी राहिली, आणि पश्चिमेला जे पोहोचले ते मुख्यतः तेच. म्हणून मुलीला सांगा की आजी जुनी आहे, शाळेतला श्वासाचा तास नवा आहे, आणि आजीचे म्हणणे हीसुद्धा साधनाच आहे.

निळी_पहाट

प्रशांतकिनारा, तुमचे फार आभार. छावणीविषयी मला काहीच माहीत नव्हते.

माझ्या पहिल्या प्रतिसादावरून कोणाला असे वाटले असेल की मी सर्व गोऱ्या साधकांना नाकारते, म्हणून लिहिते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या निधनाची बातमी आली तेव्हा मूळचे लंडनचे भिक्खू संघरक्षित नागपुरात होते. हतबल झालेल्या लोकांपुढे ते त्या रात्री आणि नंतरचे काही दिवस बोलत राहिले. माझ्या आजोबांच्या पिढीला ते आठवत होते. त्यांनी १९६७ मध्ये लंडनला संघ स्थापन केला. त्यांचे शिष्य लोकमित्र १९७०च्या दशकाच्या शेवटी पुण्यात येऊन राहिले, आणि येथील दलित वस्त्यांतली वसतिगृहे, बालवाड्या, धम्मवर्ग त्यातून उभे राहिले. त्यासाठी इंग्लंडमधले तरुण साधक संध्याकाळी दारोदार जाऊन, बेल वाजवून, वर्गणी मागत. अनोळखी माणसाच्या दारात उभे राहून तिसऱ्याच देशातल्या मुलीच्या वसतिगृहासाठी हात पसरणे हे मी धम्म मानते. माझी कसोटी देशाची किंवा रंगाची नाही. बसून उठल्यावर तो माणूस कोणासाठी काय करतो, ही आहे.

काळीमाती

याच संघरक्षितांविषयी पुढे लैंगिक वर्तनाच्या गंभीर तक्रारी आल्या आणि २०१६ च्या अखेरीस त्यांनी स्वतः खेद व्यक्त केला, हेही येथे लिहिले पाहिजे. तिबेटी परंपरेतील रिग्पा संस्थेच्या सोग्याल रिन्पोछे यांच्याविषयी २०१७ मध्ये आठ शिष्यांनी पत्र लिहिले, आणि पुढे स्वतंत्र चौकशीत छळाचे गंभीर आरोप ग्राह्य ठरले. हे सांगण्यामागे कोणाचे काम पुसण्याचा हेतू नाही. शील साधकांकडून मागायचे आणि गुरूला त्यातून सूट द्यायची, असे जेथे झाले तेथे माणसे जायबंदी झाली. वैनगंगाताई, दोन्ही जागी मुलीला नेण्यापूर्वी विचारा की तक्रार आली तर येथे ती कोणाकडे करायची. ज्या केंद्राला या प्रश्नाचा राग येईल तेथे जाऊ नका.

निळी_पहाट

काळीमाती, हे तुम्ही लिहिलेत ते योग्यच केले. वसतिगृहात शिकलेल्या मुलींचे शिक्षण खरे आहे आणि त्या तक्रारीही खऱ्या आहेत. एकाने दुसरे झाकता येत नाही.

वैनगंगा (धागाकर्ती)

सर्वांचे प्रतिसाद मुलीला भाषांतर करून वाचून दाखवले. बेदाण्याचा भाग तिला माहीत होता, छावणीचा नव्हता. तो तिने दोनदा वाचायला लावला.

पिंपळपान, तुमचे म्हणणे मान्य आहे. उपचार उपचाराच्या जागी राहो. मी तो अभ्यासक्रम करू नका असे कोणाला सांगणार नाही. पण माझ्या मुलीला आजार नाही, तिला माणसे हवी आहेत. म्हणून आम्ही विहारात जाण्याचे ठरवले आहे. ध्यानमंडळाचे दार मी बंद करत नाही, ती थोडी मोठी झाली की तिचे ती ठरवेल. आमच्या विभागातल्या काही जणांनी मिळून वाढलेल्या कामाविषयी व्यवस्थापनाला पत्र द्यायचेही ठरवले आहे. त्यात सही करणारी एक सहकारी त्याच आठ आठवड्यांच्या वर्गातली आहे.

श्रीलंकन विहारात पहिल्यांदा जाताना काय न्यावे, काय पाळावे, हे कोणी सांगेल का? आमच्या विहारातल्या पद्धती मला ठाऊक आहेत, त्यांच्या नाहीत.

टेम्सकाठ

भोजनदान करायचे असेल तर आधी फोन करून त्या दिवशी दुसऱ्या कोणाची पाळी नाही ना हे विचारा, आणि अकराच्या आत पोहोचा, कारण बारानंतर भंते जेवत नाहीत. अंग झाकणारे, शक्यतो पांढरे कपडे घाला. पादत्राणे बाहेर काढा आणि बसताना पाय मूर्तीकडे किंवा भंतेंकडे करू नका. मुलीने भंतेंना काही द्यायचे झाल्यास ते दोन्ही हातांनी द्यायचे असते (थेट हातात न देता कापडावर ठेवण्याची पद्धत थाई विहारांतली आहे), हे तिला आधीच सांगून ठेवा म्हणजे ती गोंधळणार नाही. पंचशील त्यांच्याकडेही पालीतच आहे. चाल वेगळी लागेल, शब्द तेच आहेत. तुम्ही दोघी पहिल्याच दिवशी त्यांच्याबरोबर म्हणू शकाल.

प्रशांतकिनारा

आजीलाही त्या वेळी फोनवर घ्या. भंडाऱ्यात तेव्हा रात्रीचे साडेआठ-नऊ वाजले असतील.